मागची भिंत मोकळी

मॉलमधले संडास घासायचं काम सोडायचं तर घरी बनवलेला हा साबण खपायला हवा, एवढं दर्शनाला कळत होतं. आणि खपवणारी एकच होती, पार्ल्याच्या दुकानातली गार्गीताई.

"आज लाइव्ह करू. साबण बनताना बघायला गिऱ्हाइकांना आवडतं," गार्गीताई म्हणाली होती. आणि जाता जाता, "मागचा तो फोटो तेवढा काढ ना. स्वच्छ दिसेल."

फोटो बाबासाहेबांचा. स्वच्छ म्हणजे काय, हे दर्शनाला कुणी समजवायची गरज नव्हती. तिने फोटो उतरवला, पदराने पुसला, पलंगावर ठेवला. पुसल्याने केलेलं कमी होतं जणू.

मानखुर्दच्या त्या सातव्या मजल्यावरच्या खोलीत खिडकी सताड उघडून तिने कॉस्टिक सोड्याचं पाणी तेलात ओतलं. नाकाला झोंबलं. खोबरेल आणि एरंडेल ढवळत राहायचं, पिठल्यासारखं झालं की लगेच साच्यात. उशीर केला की पातेल्यातच दगड. डब्याला टेकवलेल्या फोनमध्ये, व्हिडिओ कॉलवर, गार्गीताई केस सारखे करत होती.

तेवढ्यात सासरे आत आले. भाऊरावांनी आधी भिंत बघितली, मग पलंग.

"कोणी काढला?"

दर्शनाने फोनचा माइक बंद केला. "मामा, थोडा वेळ फक्त. लगेच लावते परत."

"कशाला काढला ते विचारतोय."

"त्यांच्या गिऱ्हाइकांना..."

"गिऱ्हाइकांना काय? चावतो का तो?"

"मग तुम्ही जाता का मामा, माझ्याऐवजी संडास घासायला?"

म्हातारा म्हणजे उभा जन्म गटारात उतरलेला माणूस. त्याला हे विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं.

फोनमधून आवाज आला, "दर्शना, लाइव्ह सुरू करायच्या आधी एक सांगते गं. पाकिटावर नुसतं 'दर्शनाताईंच्या हातचा' छापू. सोनकांबळे आडनाव नको. लोक कसे असतात तुला माहितीये ना. मी स्वतः नाही हं मानत असलं काही."

भाऊराव सुनेच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने पातेल्याकडे बघितलं. माइक सुरू केला.

"चालेल, ताई."

भाऊरावांनी फोटो उचलला, काखेत धरला, चपला घातल्या.

"मामा, कुठे निघालात?"

"घाटकोपरला. सुंदरेकडे. लेकीच्या घरात भिंत आहे अजून."

लिफ्ट बंद होती. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज थांबत थांबत खाली चालला होता. धावली असती तर पहिल्याच वळणावर गाठलं असतं. पण पातेल्यातलं पिठल्यासारखं झालं होतं. सोडून गेली असती तर घाणा वाया गेला असता. तेवढं कारण तिला पुरलं.

ती साच्यात ओतू लागली.

"झकास! सुरू झालं हं," गार्गीताई म्हणाली. "जरा हसून दाखव ना सगळ्यांना."

दर्शना हसली.