मागच्या सीटची तुला

सारं विश्व कंपनातून जन्मलं, कंपनावर तरलं आणि कंपनातच विलीन होणार, असं ऋषी सांगून गेले. ऋषी अर्थात पायी हिंडत. कंपनाचं खरं ज्ञान डोंगराईच्या देवळाच्या रस्त्यावर, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर होतं.

हेमंतातली सकाळ. उसाच्या तुऱ्यांवर चांदीची झिलई, गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून निळसर, मधुर, आळसट धूर. केशरकोवळं ऊन डोंगरमाथ्यावरून घरंगळत खाली यायचं आणि रस्त्यावर पोचताच खड्ड्याखड्ड्यांत साचून राहायचं. सुवर्णगर्भ खड्डे! रजतकाठ खड्डे! दुरून बघणाऱ्याला वाटावं, कुणी मोहरा उधळल्यात. दुरूनच बघावं.

याच रस्त्यावर, तीन हेमंतांपूर्वी, कुमुदिनीबाईंनी जीभ चावली. वाक्प्रचारात नव्हे, दातांनी. नवऱ्याच्या, म्हणजे सदानंदमास्तर हेरवाडकरांच्या पाठीमागे बसून त्या नणंदेच्या घरचा साखरपुडा सांगत होत्या. साखरपुडा ऐन पंगतीवर आला आणि चाक खड्ड्यात गेलं. 'या गाडीवर पुन्हा बसणार नाही,' असं बाईंनी त्या दिवशी हातवाऱ्यांनी सांगितलं, आणि जीभ बरी झाल्यावर तोंडानं सांगितलं.

तेव्हापासून मागची सीट रिकामी. पुढे मास्तर, मागे वारा. बाई एसटीनं जात, मास्तर एसटीच्या धुरातून मागोमाग जात. दोघं एकाच देवळात वेगवेगळी पोचत. जन्मभर वर्गात विरहाच्या कविता शिकवलेल्या मास्तरांना विरह म्हणजे नेमकं काय, ते निवृत्तीनंतर उमगलं. विरह म्हणजे खांदा. ज्यावर हात नाही असा उजवा खांदा. तो हात परत यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून ते बाबालाल मुजावराकडे गेले. बाबालाल मेकॅनिक, बोलण्यात मात्र शाहीर.

"मास्तर, मागं नवं शॉकअप टाकू, पुढच्या दांड्यांत दाट तेल घालू. गाडी न्हवं, पालखी करून देतो! फकस्त वहिनींचं वजन सांगा. स्प्रिंग वजनावर बेततात."

बाईचं वय विचारणारा पुरुष असभ्य ठरतो. वजन विचारणारा इतिहासजमा होतो.

"पंचावन्न," मास्तर म्हणाले.

बाबालालनं पाना खाली ठेवला. "ह्ये कुठल्या सालचं?"

"लग्नाच्या."

"मग स्प्रिंग पन त्याच सालची बसवू का? खोट्या वजनावर गाडी पयल्याच खड्ड्यात बूड टेकंल. मग वहिनी हाईत आन् तुम्ही हाईसा."

मास्तर घरी परतले ते गुऱ्हाळांच्या धुरातून. उसाची मळी, काकवीचा वास, गुळाच्या पिवळ्याधमक ढेपा. आणि त्या सुवर्णपीत ढेपांकडे बघता बघता मास्तरांच्या मुद्रेवर असं तेज उगवलं, की गुळव्याला वाटलं, मास्तरांना काकवी चढली.

"कुमुद," रात्री जेवताना ते म्हणाले, "यंदा तुझी साठी. देवीपुढं तुझी गूळतुला करू. गूळ आश्रमशाळेला देऊ."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गल्लीच्या डोळ्यांत पाणी आलं. असा नवरा सात जन्म मिळावा, असं शेजारणी आपापल्या नवऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

आणि ती तुला! साखळ्यांना झेंडूच्या माळा, सनईचा जरतारी सूर, धुपाची निळी वलयं. एका पारड्यात हिरव्या शालूतल्या कुमुदिनीबाई, जलाशयातल्या कमळासारख्या निश्चल. दुसऱ्या पारड्यात ढेप. मग ढेप. मग आणखी एक ढेप. कमळ हलेना. ढेपेवर ढेप, ढेपेवर ढेप. आणि शेवटच्या ढेपेसरशी बाईंचं पारडं डुलत, झुलत, मंद मंद वर उचललं गेलं. साऱ्या देवळानं हात जोडले. बाबालालनं बोटांवर ढेपांचे किलो मोजले.

"मास्तर," तो कुजबुजला, "पंच्याहत्तर! जाड स्प्रिंग लागनार!"

इंजिनांच्या सहवासात ज्याचं आयुष्य गेलं, त्याची कुजबुज वेशीपर्यंत ऐकू जाते. सनई थांबली. धूपसुद्धा जागच्या जागी थबकला.

बाई पारड्यातून उतरल्या. "अहो, कसली स्प्रिंग?"

मास्तरांनी देवीकडे पाहिलं. देवीनं दुसरीकडे पाहिलं.

"गाडीची," ते म्हणाले. "तू पुन्हा मागं बसावंस म्हणून."

"एवढ्यासाठी एवढा गूळ?"

"एवढ्यासाठीच."

"मला विचारायचं होतं सरळ."

"खरं सांगितलं असतंस?"

बाईंनी पदर सारखा केला. "पंचावन्न सांगितलं असतं." मग हसू आलं, आधी ओठांच्या कडेला, मग गालांत, मग साऱ्या शालूत. त्या बाबालालकडे वळल्या. "आणि पर्स धरलीस का रे? माहेरी जाताना नारळही असतात माझ्याजवळ."

"नारळ किती, वहिनी?"

त्यानंतर बाबालालच्या दुकानात नवी स्प्रिंग आली. काळीभोर, नागिणीच्या वेटोळ्यांची. दांड्यांत मधदाट तेल ओतलं गेलं. बाईंना गाडीवर बसवून, नारळांसकट, बाबालाल स्प्रिंगच्या तळची चकती पान्यानं फिरवत राहिला. वाजवीपेक्षा दबू नये, दबली तर उसळू नये. वीणेची तार जुळवावी तशी ती गाडी सुरात आली.

आणि एका दहिवरल्या सकाळी स्वारी निघाली: गाडी, पर्स, नारळ, बाई. उजव्या खांद्यावर हात आला. मास्तरांच्या डोळ्यांपुढं उसाचे तुरे उगीच धूसर झाले.

पहिला खड्डा आला. चाक उतरलं, चढलं, जणू झोक्यानं श्वास घेतला. दुसरा आला, तिसरा आला, आणि मागे बाई बोलत होत्या: की आपण पारड्यात बसल्यावर शेजारच्या सुलभाताईंचं तोंड कसं झालं, आणि ढेपा वाढत गेल्या तसं ते कसं खुललं, आणि गुळाची गाडी आली तेव्हा आश्रमशाळेतली मुलं कशी ओळीनं उभी राहिली, आणि त्यातली एक पोर आपल्याला पाहून हळूच कशी म्हणाली, 'याच त्या, सगळा गूळ यांचाच', आणि वाक्य वाहत राहिलं, अखंड, अभंग, ओढ्याच्या पाण्यासारखं, दगडधोंड्यांवरून, खाचखळग्यांवरून, एक अक्षर न ठेचता, एक काना न सांडता.

विजयी मास्तर! ऐरावतारूढ मास्तर! दोन्ही बाजूंना तुऱ्यांच्या चवऱ्या, माथ्यावर उन्हाचं छत्र, खांद्यावर तो हात, आणि चाकांखाली पराभूत, शरणागत, निःशब्द रस्ता. डोंगराई जवळ आली, कळस झळाळला, घंटेचा नाद कोवळ्या हवेत सोनेरी उतरला...

"अहो," बाई म्हणाल्या, "जरा वळवता का? माझी एक चप्पल कुठंतरी मागं पडली. कळलंच नाही बघा."