स्टेपनीच्या खड्ड्यातलं नाव

"हात नका लावू काका, रंग अजून कोवळा आहे," महेंद्र म्हणाला. तोवर मी गाडीच्या दाराखाली बोटाचं पेर ठोकलंही होतं.

डाव्या बाजूला ठोकलं तेव्हा टण् वाजलं होतं. उजव्या बाजूला नुसतं धप्. भिंतीवर ठोकावं तसं.

"महेंद्र, इथे काय भरलंयस?"

"काही नाही. थोडीशी पुट्टी. फिनिशिंगला."

मी खिशातून लोहचुंबक काढलं. डाव्या बाजूला ते झटकन चिकटलं. उजवीकडे लावलं, तर माझ्या पायाशी येऊन पडलं.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे पंधरा दिवस मी गॅरेजला आलो नव्हतो. जाताना महेंद्रला बजावलं होतं, की उजव्या बाजूचा पत्रा राहिलाय, मी येईपर्यंत ती उघडी ठेव. आज काळा चष्मा लावून आलो, तर गाडी लालभडक होऊन उभी.

गाडी चौऱ्याऐंशी सालची. जपानी, दोन दारांची, बुटकी. बटण दाबलं की पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. बाळकुमच्या दिपेशचे वडील बोटीवर नोकरीला होते, त्यांनी हौसेने आणलेली. ते गेल्यावर बारा वर्षं ती खाडीच्या वाऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. कळव्याला आमच्या गॅरेजात ओढून आणली तेव्हा तिच्या दारातून माझा हात आरपार गेला. दीड वर्ष मी तिचा पत्रा ठोकला. सडलेला कापायचा, नवा कातरायचा, ठोकून ठोकून त्याला तीच गोलाई आणायची आणि मग जोडायचा. या गाडीला खाली वेगळी चासी नाही. दाराखालचे दोन पत्रे हीच तिची कंबर.

आणि त्या कंबरेत यांनी पुट्टी भरली.

"तुझा बाप पुट्टीचा डबा कुलपात ठेवायचा," मी म्हणालो. महेंद्रचे वडील रतनशेठ माझे उस्ताद. "म्हणायचा, खड्डा पुट्टीने बुजवतो तो डेंटर नाही, गवंडी."

"बाबा गेले काका. त्यांच्या वेळी गिऱ्हाईक वर्ष वर्ष थांबायचं. रविवारी ठाण्याला जुन्या गाड्यांचा शो आहे. चार वाजता दिपेशभाई गाडी न्यायला येतोय. तुम्ही घरी पडलेले. मी काय करायला पाहिजे होतं?"

"थांबायला पाहिजे होतं."

"काका, ऑपरेशन डोळ्याचं झालंय की डोक्याचं?"

मागे दोन पेंटर होते, ते हसले. मी हातोडी उचलली.

पहिल्या घावात रंगाला चीर गेली. दुसऱ्यात ती दारापर्यंत पसरली. तिसऱ्या घावाला भाकरीएवढा पोपडा खाली पडला. मागे भोक होतं आणि भोकात वर्तमानपत्र कोंबलेलं. मी ते उपसून काढलं आणि उलगडलं. मागल्या मंगळवारचं होतं.

"वाचायला ठेवलं होतंस का रे, माझ्यासाठी?"

आता कुणी हसलं नाही. महेंद्र शिव्या द्यायला तोंड उघडणार, एवढ्यात दिपेश आत आला. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"काका! अरे, हे काय केलंत?"

"मी नाही केलं. मी उघडून दाखवलं. घाल हात आत."

त्याने हात घातला नाही. मीच दोन बोटं घालून वर ढकललं. गाडीतलं पायपुसणं सीटपुढे हललं, ते त्याला काचेतून दिसलं.

"घोडबंदर रोडच्या एका खड्ड्यात चाक गेलं ना, तर गाडी इथे दुमडेल. पोरीला बसवणार आहेस ना शेजारी? सान्वीला?"

तो पोपड्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा महेंद्रची गचांडी धरतो. मी तयारीत होतो. दोघांना सोडवावं लागलं असतं.

"पत्र्याने करायचं तर किती दिवस लागतील?" त्याने विचारलं.

"पंधरा."

"रविवारी पप्पांचा फोटो ठेवणार आहोत बोनेटवर. सगळे नातेवाईक येतायत, काका." मग तो महेंद्रकडे वळला. "परत भरून कधीपर्यंत देशील?"

"उद्या संध्याकाळी."

"मग भर. काका, शो झाला की तुमच्याच हातून करून घेऊ. प्रॉमिस. शोमध्ये आतलं कोण बघतंय?"

"मी बघितलं."

"तुमची गोष्ट वेगळी."

माझ्या हातात अजून हातोडी होती. ऑपरेशन झालेला डोळा ठणकत होता. महेंद्र गाडीच्या काचेसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. "काका, नको. पाया पडतो."

त्याला वाटलं मी काच फोडणार. दीड वर्ष ज्या गाडीला पोटच्या पोरासारखं गोंजारलं, तिची काच मी फोडणार! एवढंही ओळखलं नव्हतं त्याने मला.

मी हातोडी पिशवीत टाकली आणि कानस काढली. डिकी उघडली, स्टेपनी उचलून बाजूला ठेवली. तिच्याखालचा खड्डा मी सबंध नव्या पत्र्याचा केला होता. त्याच्या तळाला माझं नाव होतं. पूर्वी काम संपलं की मी आतल्या अंगाला टोच्याने तीन टिंबं काढायचो. पन्नाशीत सुनेने, अमृताने, अक्षरं शिकवली. तेव्हापासून नाव लिहितो. कुणाला दिसायला नको, पण असावं.

दिपेश वाकून बघू लागला. "दौलत. अरे वा! राहू द्या ना काका, भारी वाटतंय."

मी कानस चालवली. आधी द गेला, मग ल, मग त. मात्रा खोल गेल्या होत्या, त्यांना वेळ लागला.

"झालं समाधान?" महेंद्रने विचारलं.

मी पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेलो. तिथून मागे फिरलो. नाव होतं तिथे पत्रा पांढरा लख्ख उघडा पडला होता. खाडीची हवा. रविवारच्या आत गंज धरला असता.

फळीवरचा रेड ऑक्साइडचा, गंज रोखणाऱ्या रंगाचा, डबा उघडला. ब्रश सापडला नाही. बोट बुडवलं आणि त्या जागेवर दोनदा फिरवलं, कडेपर्यंत. वाळेस्तोवर उभा राहिलो. मग स्टेपनी जागेवर बसवली, तिचा स्क्रू आवळला आणि डिकी लावली.

तिचं झाकणही मीच ठोकलेलं. आवाज बरोबर आला.