दोन दांड्या

"बाबांनीच वहीत चुकीचं लिहून ठेवलंय, ताई. मी तरी काय करणार?"

माझा थोरला नर्सबाईंना असं सांगत होता आणि मी काउंटरमागे फिल्टरच्या खोक्यांवरची धूळ पुसत होते. फडकं हातातच राहिलं. गेलेल्या माणसावर ढकललं की बरं असतं, तो काही उठून भांडायला येत नाही. पण त्याची बायको अजून गॅरेजात बसते, हे पोराच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

नर्सबाईंची गाडी युरोपातली, डिझेलची. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, त्यामुळे गाडी म्हणजे त्यांचे पायच. महिनाभर समोरचा पिवळा दिवा विझत नव्हता. आज सकाळी चढावर गाडीने जीवच टाकला. थोरल्याने ती वर उचलून तपासली आणि सांगितलं, की धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते ती तुंबली आहे, तीन वर्षं चुकीचं तेल पडत होतं. इथवर खरं बोलला. आमचे हे गेल्यापासून ते तेल ओततंय कोण, तेवढं मात्र गिळलं.

ह्या युरोपातल्या गाड्यांची थेरं मला पहिल्यापासून सहन होत नाहीत. साधी गाडी कुठलंही बरं तेल पिते आणि मुकाट चालते. ह्यांचे नखरे संपत नाहीत. दोन डबे शेजारी ठेवा, दोन्ही सिंथेटिक, दोन्हींच्या तोंडावर मोठ्या अक्षरात पाच-तीस. तो नुसता जाडीचा आकडा, आणि गिऱ्हाईक तेवढाच बघतं. खरी गोष्ट डब्याच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरात. गाडी बनवणाऱ्यांनी कुठलं तेल चालेल म्हटलंय त्याचा आकडा तिथे असतो. दोनशे एकोणतीस पॉइंट पाच निराळं, पॉइंट एक्कावन्न निराळं. एक्कावन्नची राख कमी. पाचची राख जास्त, ती जाळीत जाऊन बसते आणि काही केल्या जळत नाही. हे म्हणायचे, तोंड बघून सून आणू नये आणि तोंड बघून डबा उघडू नये. सुनेचं राहू दे, डब्याचं मी आजवर पाळलं.

मी वही मागितली. थोरला म्हणाला, आई, तू कशाला, तुला काय कळणार त्यातलं. माझी शाळा दुसरीत सुटली, जोडाक्षरं अजून अडतात. पण आकड्याने मला कधी फसवलं नाही. फळीवरून डबे काढून देण्यात माझी चाळीस वर्षं गेली.

वही तेलकट, पानं पारदर्शक झालेली. एका गाडीला एक ओळ. आधी गाडीचा नंबर, मग डब्यावर असतो तसा इंग्रजी आकड्यांत तेलाचा नंबर आणि शेवटी एक उभी दांडी. आकड्यात टिंब असतं, मग ओळीच्या शेवटी आणखी टिंब नको, घोटाळा होईल, असं ह्यांचं म्हणणं. नर्सबाईंच्या ओळीवर मी बोट ठेवलं. दोनशे एकोणतीस, टिंब, पाच, आणि पुढे शेजारी शेजारी दोन दांड्या.

"ह्या किती?"

"दोन. श्लोक संपल्यावर देतात तशा."

"तुझे बाबा गाड्यांचे श्लोक लिहीत होते का? बाकीच्या ओळी बघ."

त्याने पानं उलटली. एक, एक, एक. त्याचा हात हळू झाला.

"उभ्या जन्मात ह्यांनी एका ओळीला दोन दांड्या काढल्या नाहीत," मी म्हटलं. "पहिली दांडी नव्हेच. तो एक आहे. एक्कावन्न. दांडी दुसरी."

त्याने फळीवरून डबा घेतला, पाठमोरा केला, पाठीवरचा एक बघितला. अगदी तसाच, सरळ काठी.

"कॉलेजला इतक्या दांड्या मारल्यास, आणि वहीतली एक ओळखता आली नाही?"

नर्सबाईंना हसू आवरलं नाही. थोरल्याचे कान लाल झाले. गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतं, हे मलाही कळतं. पण ह्यांना खोटं पाडलं तेही गिऱ्हाइकासमोरच.

त्याने हात पुसले. मग म्हणाला, "ताई, चूक माझी. बाबांनी बरोबर लिहिलं होतं."

जाळी धुऊन बसवेपर्यंत त्याने नर्सबाईंना स्वतःच्या गाडीची किल्ली दिली. कुणाला सांगावं लागलं नाही. तेवढा तो ह्यांच्यावर गेलाय.

दुपारी नवी वही घेऊन माझ्यासमोर स्टुलावर बसला. म्हणाला, तू सांग, मी नीट उतरवून घेतो. मी बोट ठेवायची, हा एक, ही दांडी, आणि तो लिहायचा. दोन दांड्यांच्या आणखी तीन गाड्या निघाल्या. तिघांनाही त्याने तिथल्या तिथे फोन केला, मान खाली घालून.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ आली. दोनशे एकोणतीस, टिंब, पाच. पुढे कोरं.

"आई, इथे दांडीच नाही."

मला ठाऊक होतं. ह्यांनी त्या दिवशी इथवर लिहून पेन ठेवलं होतं आणि म्हणाले होते, जरा पाणी दे. मी पेला घेऊन आले तेव्हा घ्यायला हात पुढे आला नाही.

"मग हे पाच म्हणू की एक्कावन्न?"

"नाही सांगता येणार. गाडी आली की खाली वाकून बघ, जाळी आहे का ते."

त्याने मान हलवली. पेन मात्र जुन्या वहीतल्या ओळीच्या शेवटी गेलं होतं. दिवसभर दांड्या मोजून हात आपसूक वळला असेल. मी ओळीवर बोट आडवं ठेवलं.

"राहू दे ती."

त्याने पेन मागे घेतलं. नव्या वहीतही त्याने ती ओळ पाचावरच सोडली आणि पुढची जागा कोरी ठेवली.