मिठाकणकेची दोन बेटं

मी एक नकाशा आहे, पण कागदाचा नाही. कणीक, मीठ आणि पाणी यांचा मी गोळा आहे. वयानं मी काही फार मोठा नाही, पण आमच्या जातीत मला म्हाताराच म्हणायला हवं. अमेरिकेतल्या शाळांमधून माझ्यासारखे नकाशे ढिगानं तयार होतात, प्रदर्शनात एक दिवस मिरवतात आणि दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात जातात. मी मात्र अजून आहे. का आहे, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं, मित्रांनो.

माझा जन्म ॲरिझोनातल्या चँडलर गावात, नीलांबरी नावाच्या एका आईच्या ओट्यावर झाला. तिची मुलगी नैना तेव्हा चौथीत होती. वर्गात टीचरनी टोपीतून चिठ्ठ्या काढायला लावल्या. ज्याला जी चिठ्ठी येईल, त्यानं त्या प्रदेशाचा नकाशा करायचा आणि तिथली जमीन, माणसं आणि सरकार यांची माहिती सांगायची. नैनाच्या चिठ्ठीत आली फॉकलंड बेटं.

"आई, हे कुठे आहे तेच कोणाला माहीत नाही! इट्स सो अनफेअर. मला आइसलँड मिळालं असतं तरी चाललं असतं. आणि माझी फ्रेंड मिली, ती पण आज आजारी होती."

"मग आपण शोधू की. शिव झोपला की बसू हं," नीलांबरी म्हणाली. शिव हा नैनाचा धाकटा भाऊ, नुकता रांगायला लागलेला. त्याच्या झोपेच्या तुकड्यातुकड्यांतच त्या घरातलं सगळं काही व्हायचं. मीही त्यातच झालो.

नीलांबरीचं माहेर साताऱ्याकडचं. लहानपणी दर दिवाळीत तिनं अंगणात मातीचा किल्ला केलेला. अमेरिकेत आल्यावरही घरामागच्या अंगणात ती दरवर्षी करते. त्यामुळे मला मळताना तिचे हात आपोआप त्या वळणावर गेले. लायब्ररीतून आणलेलं पुस्तक उघडं ठेवून नैना सांगत होती आणि नीलांबरी थापत होती. दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ, अटलांटिक समुद्रात दोन मोठी बेटं, पूर्वेचं आणि पश्चिमेचं, आणि भोवती शेकडो बारकी. दोन बेटांच्या मधल्या समुद्राच्या पट्टीत निळी रांगोळी भरली. किनाऱ्यावर पेंग्विन म्हणून काळी मिरी टोचली. तिथली जमीन दलदलीची, कुजलेल्या गवताची. ती वाळवून लोक पूर्वी चुलीत जाळायचे. त्यासाठी गाळण्यातला चहाचा चोथा पसरला.

"मोहरी पेरू या? छान हिरवं उगवेल."

"नो ट्रीज, आई. तिथे झाडंच नाहीत. एवढा वारा असतो."

"बरं बाई, नाही पेरत."

पूर्वेच्या बेटावर स्टॅन्ली नावाचं एवढंसं राजधानीचं गाव आलं. चॉकलेटच्या चांदीच्या रंगीत तुकड्यांची छपरं झाली. राजा ब्रिटनचा, त्यानं नेमलेला एक गव्हर्नर, पण रोजचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या आठ जणांच्या सभेकडे. शाळा, रस्ते, समुद्रातली मासेमारी सगळं तेच बघतात. संरक्षण तेवढं ब्रिटनकडे. गावाबाहेर सगळं माळरान आणि मेंढ्या, माणसांपेक्षा कितीतरी जास्त. नैना हे सगळं पाठ करत होती आणि माझे डोंगर उंच उंच होत होते. खरे डोंगर एवढे काही उंच नाहीत, पण किल्ला करणाऱ्या हाताला बुटका डोंगर रुचत नाही.

मग नीलांबरी कपाटातून दिवाळीची चित्रं घेऊन आली. साताऱ्याहून पायमोज्यांत गुंडाळून आणलेले मातीचे मावळे. त्यातले चार तिनं स्टॅन्लीभोवतीच्या डोंगरांवर उभे केले आणि सगळ्यांत उंच शिखरावर नैनानं रंगवलेला झेंडा रोवला. निळा झेंडा, कोपऱ्यात ब्रिटनचा, उजवीकडे जहाज आणि मेंढी.

सिद्धेश, म्हणजे नैनाचा बाबा, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यातून पाळी संपवून आला तो बघतच राहिला. "शाळेचा प्रोजेक्ट करतेयस की किल्लेस्पर्धा?"

"मग डोंगर काय नुसताच ठेवायचा? वर पहारा नको?"

"तुझे मावळे फॉकलंडला पोचले म्हणायचे! व्हिसा कोणी दिला यांना?"

सगळे हसले. मीही मनातल्या मनात फुगलो. मागच्या अंगणातल्या उन्हात मला वाळत ठेवलं होतं, अंगावर झेंडा होता, पहारेकरी होते. आपल्यासारखे आपणच, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मिली खेळायला आली. तिचं पूर्ण नाव मिलाग्रोस. तिच्या घरचे अर्जेंटिनाचे. नैनाचं घर उन्हाळ्यातच दूरच्या रेडमंड गावाहून चँडलरला आलेलं. नव्या शाळेत नैनाला कोणी नव्हतं. किकबॉलच्या खेळात संघ निवडताना सगळ्यांत शेवटी ज्या दोघी उरायच्या, त्या या दोघी. तिथेच त्यांची गट्टी जमली. डबा एकत्र, बसमध्ये शेजारी, सगळं एकत्र. शाळेतून आल्यावर नैनाच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मिली सेज' अशी असायची.

मिली माझ्यापाशी आली, वाकली, आणि तिचा चेहरा उतरला.

"दॅट्स माल्विनास," ती फॉकलंडचं तिच्या घरचं नाव घेत म्हणाली. "ती आमची आहेत. तू त्यांचा झेंडा का लावलास?"

"पुस्तकात तसंच आहे."

"आणि हे सोल्जर्स? माझे आजोबा तिथे लढायला गेले होते. त्यांचा फ्रेंड तिथेच मेला. अँड यू मेड इट अ टॉय!"

मिलीनं आईला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत ती दाराबाहेर उभी राहिली, आत आलीच नाही. सोमवारी डब्याच्या सुट्टीत ती दुसऱ्या टेबलावर बसली. मंगळवारीही. बसमध्ये मिलीच्या शेजारी तिची बॅग बसली, नैना नाही.

"झेंडा काढून टाक, विषय संपला," सिद्धेश म्हणाला.

"टीचर म्हणाल्या, झेंडा मस्ट आहे." नैनाचे डोळे भरून आले. "आणि झेंडा काढला तरी शी वोंट टॉक टू मी. बाबा, माझी एकच फ्रेंड आहे."

नीलांबरी शिवला खांद्यावर थोपटत माझ्याकडे बघत राहिली. तिनं तेव्हा कुठे पुस्तकाचं शेवटचं प्रकरण वाचलं. अर्जेंटिना म्हणतं, स्पेननंतर ही बेटं आमच्याकडे आली आणि ब्रिटननं ती हिसकावली. ब्रिटन म्हणतं, आमची आहेत आणि तिथल्या माणसांनाही तेच हवंय. तिथे मतदान झालं तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ब्रिटनबरोबर राहायचं म्हटलं. १९८२ साली अर्जेंटिनानं सैन्य उतरवलं, ब्रिटननं लढून बेटं परत घेतली. नऊशेहून जास्त माणसं मेली. आणि शेवटची लढाई झाली ती नेमकी स्टॅन्लीभोवतीच्या त्याच डोंगरांवर, जिथे तिनं हौसेनं मावळे उभे केले होते.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली. मग तिनं मिलीच्या आईला फोन केला आणि मोकळेपणानं सांगितलं, आम्हाला माहीत नव्हतं हो, चुकलं.

बुधवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात मिलीचे आजोबा होते आणि त्यांच्या मागे तोंड पाडून मिली.

"मला ती बेटं बघायची आहेत," आजोबा म्हणाले. त्यांचं इंग्रजी तुटक होतं, मी ते माझ्या मराठीत सांगतो.

नीलांबरी इतकी गडबडली की तिच्या तोंडून "काका, या ना, बसा" असंच निघालं. आजोबांना ते कळलं नसावं, पण ते बसले. मला त्यांच्यासमोर टेबलावर आणून ठेवलं. नैना आईच्या पाठीशी लपली. आता हा माणूस मला उचलून आपटणार, असं मला वाटलं, मित्रांनो. मी कणीकच, पण त्या क्षणी मला भीती म्हणजे काय ते कळलं.

त्यांनी बोट पुढे केलं. स्टॅन्लीच्या पश्चिमेच्या एका डोंगरावर, मावळ्याच्या पायाशी, ते अलगद टेकवलं.

"इथे," ते म्हणाले.

मग त्यांनी मावळा उचलून डोळ्यांजवळ नेला. "हा कोण?"

"मावळा," नैना हळूच म्हणाली. "शिवाजी महाराजांचा सोल्जर. दिवाळीत आम्ही फोर्ट करतो ना, तेव्हा हे असतातच. ही इज जस्ट गार्डिंग."

आजोबा चक्क हसले. "याच्या मिशा बघ! आम्हाला मिशाही फुटल्या नव्हत्या. आणि हा कोरडा आहे. आम्ही नव्हतो. खड्डा खणला की खालून पाणी यायचं. रात्रंदिवस पाय पाण्यात."

मिली त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "अबुएलो," ती आजोबांना स्पॅनिशमध्ये हाक मारत म्हणाली, "तू हे मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी डोंगर दाखवलास मला?"

"सोल्जर्स काढू का?" नैनानं विचारलं.

"काढ. फार दिवस राहिले ते तिथे."

नैनानं चारही मावळे उचलून आईच्या ओंजळीत दिले. मिली पुढे सरसावली. "आता फ्लॅग पण!"

आजोबांनी तिचा हात धरला. झेंड्याकडे बघत ते थांबले. मला वाटतं, सगळ्यांत अवघड गोष्ट त्यांनी तेव्हा केली.

"माझ्यासाठी ही माल्विनास आहेत, मरेपर्यंत. हे मी कोणाला बदलू देणार नाही," ते म्हणाले. "पण त्या गावात मी एका बाईला खिडकीत पाहिलं होतं. मला बघून तिनं पडदा ओढला. तिच्या दारात मी बंदूक घेऊन उभा होतो ना. मी तेव्हा पोरगा होतो, मला पाठवलं होतं, पण तिला काय त्याचं? हा झेंडा त्या बाईच्या घरावरचा आहे. तो मी काढणार नाही."

"मग आमचं काय?" मिलीचा आवाज रडवेला झाला.

नैनानं खोक्यातून कोरी पट्टी काढली आणि पेन तिच्यापुढे धरलं. "तू नाव लिही ना. तुमचं नाव. मी माझ्या बाजूला लिहीन, तू तुझ्या बाजूला."

मिलीनं नाक पुसलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'इस्लास माल्विनास', म्हणजे माल्विनास बेटं. माझ्या एका कडेला एक नाव, दुसऱ्या कडेला दुसरं.

आजोबांनी नीलांबरीकडे काहीतरी पांढरं, बारीक मागितलं. तिनं डबा उघडून साबुदाणा पुढे केला. त्यांनी एकच दाणा घेतला आणि पूर्वेच्या बेटाच्या मध्यावर, अर्जेंटिनाच्या सैनिकांची दफनभूमी आहे तिथे, दाबून बसवला.

"एकच?" नैनानं विचारलं.

"तिथे पुष्कळ आहेत. मी ओळखत होतो तो एक."

नीलांबरीनं डोळ्यांना पदर लावला असता, पण अंगात टीशर्ट होता. तिनं बाहीनं पुसले आणि चहा टाकला.

मोकळ्या झालेल्या डोंगरांवर मग दोघी मुली कापसाच्या मेंढ्या चिकटवत बसल्या.

"तुझी मेंढी बटाट्यासारखी दिसते," मिली म्हणाली.

"शी इज फॅट. गवत खाऊन झालीय."

"बटाटा!"

"तूच बटाटा!"

स्वयंपाकघरात उभी असलेली नीलांबरी ते ऐकत होती. चहा उतू गेला तरी तिला कळलं नाही.

शुक्रवारी प्रदर्शनात माझ्यापुढे गर्दी झाली. "हा कोणता देश?" कोणी विचारलं की दोघी एकदमच दोन नावं सांगायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि खुदखुदायच्या. टीचर म्हणाल्या, प्रोजेक्ट नैनाचा आहे ना? त्यावर नैना म्हणाली, "मिली वर्क्स ऑन द अदर साइड."

संध्याकाळी बाकीचे नकाशे डब्यात गेले. पिरॅमिड गेले, आल्प्स गेले. मला न्यायला मात्र आजोबा आले होते. त्यांनी मागितलं नव्हतं. नैनानंच त्यांच्या हातात मला ठेवलं. पहिल्यांदाच तिला चांगला शेरा मिळाला होता आणि मी तिचं मोठं कौतुकाचं काम होतो, तरीही. देताना तिनं माझी कड दोनदा घट्ट धरली आणि मग सोडली.

आता मी आजोबांच्या बैठकीत असतो. आधी त्या घरात त्या लढाईचं नावही निघायचं नाही. आता मिली विचारते आणि ते थोडं थोडं सांगतात. कधी सांगत नाहीत, नुसते शेजारी बसतात. मला दोन्ही चालतं. एका रविवारी रांगत आलेल्या शिवनं माझा समुद्र चाटला आणि असं तोंड केलं की दोन्ही घरं पोट धरून हसली.

मला ज्यांनी ज्यांनी हात लावला, त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. ती बेटं कोणाची, हे मला ठरवता येत नाही. मोठमोठ्या सरकारांना इतक्या वर्षांत जमलेलं नाही, मी तर पोळीचा भाऊ. पण माझं एक मागणं आहे, मित्रांनो. कुठल्याही नकाशावर झेंडा रोवायला हात उचललात, तर आधी वळून बघा, शेजारी कोण उभं आहे. त्याचं तिथे कोणी आहे का, ते विचारा. विचारायला फार उशीर झालाय असं वाटलं, तरी विचारा.

ॲरिझोनाची हवा कोरडी. तिनं मला मधूनमधून तडे जातात. परवाच पश्चिमेच्या बेटाला एक गेला. आजोबांनी फोन केला, तशी नीलांबरी वाटीभर कणीक भिजवून घेऊन आली. दोघी मुली माझ्या दोन बाजूंना बसल्या, पाण्यात बोटं बुडवली आणि आपापल्या टोकापासून तो तडा बुजवत बुजवत मधे येऊन भेटल्या.