कापलेल्या वायरची साक्ष

मी वायर बोलतेय. स्कूटर नव्हे, तिचं कौतुक करायला बाकीचे पुष्कळ आहेत. मी तिच्या सीटखालची वीतभर पांढरी वायर. वेग सांभाळणाऱ्या डब्यातून निघते आणि परत त्याच डब्यात शिरते. माझी ओळख करून घ्यायची नसेल तर नका घेऊ. आजवर कुणी घेतली नाही.

माझं काम एकच. मी जोडलेली असेन तोवर गाडी ताशी पंचवीसच्या पुढे जात नाही. कारखान्यात मला बसवणाऱ्या बाईनं मला दोनदा ओढून पाहिलं आणि मगच झाकण लावलं. दोन वर्षं मी इमानानं काढली.

ही विजेवरची गाडी बोरिवलीच्या स्वरदानं घेतली, तीही माझ्यामुळेच. पंचवीसची गाडी म्हणजे लायसन्स नको, नंबरप्लेट नको. लेकीला, निधीला, शाळेत सोडायचं आणि येताना भाजी-मासळी आणायची. गल्लीच्या तोंडाशी कमळमावशी बसायची, गोराईहून होडीनं खाडी ओलांडून येणारी कोळीण. आमच्या गाडीला आवाज नाही, म्हणून मावशीनं आमची चाल नजरेनं शिकून घेतली होती. औषधाच्या दुकानापाशी आम्ही दिसलो की ती टोपली डोक्यावर घ्यायची, सावकाश गल्ली ओलांडायची, आणि तरी आम्ही पोचलेलो नसायचो. तिला मी कोण हे ठाऊक नव्हतं, पण ती विसंबायची माझ्यावरच. मला त्याचा अभिमान होता. उगाच विनय कशाला?

मग मध्ये आला स्वरदाचा नवरा, देवेश.

एका रविवारी त्यानं गाडी बाहेर काढली आणि सिग्नलच्या पुढे एक पाववाला सायकलवरून त्याला मागे टाकून गेला. शेजारच्या विंगमधल्या मिहिरनं ते पाहिलं. "स्कूटर घेतलीस की व्हीलचेअर रे?" एवढंच तो म्हणाला. देवेशचं तोंड जे उतरलं, ते आठवडाभर वर आलं नाही.

"माझी गाडी आहे. मला हीच बरी आहे," स्वरदा म्हणाली.

"तुझ्यासाठीच करतोय गं! तुलाच उशीर होतो ना रोज?"

माणसांच्या या सवयीची मला मनापासून चीड आहे. हौस स्वतःची आणि नाव बायकोचं.

गॅरेजवाल्या चंद्रप्रकाशनं सीट उचलली, मला चिमटीत धरलं. "दोन मिनिटांचं काम आहे, सर. ही कापली की पंचेचाळीस आरामात."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक आहेत ना. चालतात यार."

देवेशनं पुन्हा विचारलं नाही. पक्कड आली आणि माझे दोन तुकडे झाले. परत येताना तो एकटाच "झकास! झकास!" करत होता. मी दोन्ही टोकांनी लोंबकळत ते ऐकत होते. त्या क्षणापासून मला हा माणूस आवडत नाही, आणि मी ते लपवणारही नाही.

स्वरदा मात्र रोज जुन्याच चालीनं चालवायची. तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, देवेश एकटाच निघाला. औषधाच्या दुकानापाशी आम्ही मावशीला दिसलो. तिनं नेहमीप्रमाणे टोपली डोक्यावर घेतली आणि पाऊल टाकलं. तिच्या हिशेबानं वेळ भरपूर होता. पंचवीससाठी बनवलेले ब्रेक बिचारे जीव तोडून लागले, पण गाडी थांबली ती मावशीला पाडून. बांगडे रस्ताभर झाले. मावशीचा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. देवेशचे पहिले शब्द होते, "मावशी, दिसत नाही का?"

चौकीत त्यानं सांगितलं, "साहेब, ही गाडी पंचवीसच्या वर जातच नाही. बाईच आडवी आली." दहा दिवसांनी गाडी तपासायची ठरली, तोवर ती घरीच.

आदल्या दुपारी पार्किंगमध्ये त्यानं सीट उचलली. माझी टोकं दातांनी सोलली, पीळ घातला, वर काळी टेप गुंडाळली. आत अंधार होता, म्हणून मोबाइलचा टॉर्च लागला. तो स्वरदानं धरला. उजेड बरोबर माझ्यावर पडत होता.

"केस मिटली की परत कापून घेऊ," तो म्हणाला.

"लवकर कर. निधी क्लासवरून येईल," ती म्हणाली.

आज चौकीमागच्या मैदानात साहेबांनी स्वतः गाडी पळवली. मूठ पूर्ण पिळली. आणि मी पंचवीसला अडवलं. मला दुसरं काही येतच नाही हो! जन्मभर ज्या कामाचा तोरा मिरवला, त्याच कामानं मी मावशीला खोटं पाडलं.

मावशी खुर्चीत बसलीय, पाय प्लास्टरमध्ये.

"मावशी, बघितलंत ना? तुमचाच अंदाज चुकला असेल," साहेब म्हणाले.

"दोन वरसं बघतंय मी ती गारी. माजा अंदाज चुकायचा नाय." मग ती स्वरदाकडे वळली. "बायो, तू तरी सांग ना."

"मी तेव्हा घरात होते, मावशी."

होती खरंच घरात. किती सोयीचं खरं!

मावशीनं स्वतःच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "असंल बा. माजं डोलंच गेलं असतील."

हे मला सहन होत नाही. तिचे डोळे शाबूत आहेत. तिचा अंदाजही शाबूत आहे. साहेब कागद पुढे ओढताहेत, पेनाचं टोपण निघालंय. देवेश खिशात हात घालून उभा आहे, घरी जायच्या घाईत.

देवेश, मला परत कापायचंच आहे ना तुला? मग आत्ता काप. साहेब समोर आहेत तोवर काप.