पिशोर सोडून

"हतनूर दिलं," बन्सी म्हणाला आणि मोबाईल छातीवर पालथा टाकून त्यानं डोळे मिटले.

द्वारकाबाईंनी मांडीवरची वही उघडली नाही. "हतनूर मागंच दिलंय तू. सतराव्या दाराला. दिलेलं गाव परत देता येत नाय."

"मग अंधानेर घे."

"अंधानेरला टँकर चालू हाय. कोरडं गाव घेऊन काय करू मी? धुणं कुठं धुवू?"

"आक्का, औंदा वलं गाव कुठून आणू? घे गं. पाऊस पडला की व्हईल वलं."

डायलिसिसच्या त्या थंडगार खोलीत आठ खुर्च्या होत्या. बन्सीची खिडकीजवळची. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. डाव्या हातात दोन जाड सुया, उजव्या हातात मोबाईल. वाळूजच्या कारखान्यात वीस वर्षं फिटर असलेला माणूस. हात मोकळा राहिला की त्याला करमत नसे. मशीन सांभाळणाऱ्या विश्वजीतनंच त्याला हा खेळ लावून दिला होता. एक बेट, त्यावर दीपगृह, दीपगृहात चाळीस दारं. प्रत्येक दाराला काहीतरी मेख. कुठं चाकं, कुठं आरसे, कुठं पाण्याचे पाट. खेळात जिकडंतिकडं पाणीच पाणी, आणि खेळणाऱ्याला मात्र दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर घोटभर पिता येत नव्हतं.

"मामा, कशाला गावं वाटत बसलात?" विश्वजीत नळी तपासता तपासता म्हणाला. "यूट्यूबवर आख्खा गेम खेळून दाखवलाय. मी तर आधी बघतो, मग खेळतो. ड्यूटी करून घरी गेल्यावर डोकं कुणाचं चालतंय?"

"तुझं बराबर हाय. ज्याला वेळ नाय त्यानं बघावं. अडून अडून ज्याचा जीव मेटाकुटीला आला, त्यानं बघावं. सगळं सरल्यावर काय राहिलं का, म्हणूनबी बघावं. पण आधीच बघायचं म्हंजे अक्षता पडायच्या आधीच पंगत उठवायची." बन्सीनं डोळे उघडले. "माझ्याकडं चार तास हायेत, बाबा. हलायचं नाय, प्यायचं नाय. अडकायला तरी मिळू दे."

गावाची रीत मात्र विश्वजीतला ठाऊक नव्हती. पिशोरला, यांच्या लहानपणी, कोडं घातलं आणि समोरच्याला ते सुटेना झालं, की नुसतं 'हरलो' म्हणून भागत नसे. गाव द्यावं लागे. गाव घेतल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही, आणि घेताना गाणं म्हणायचं. द्वारका सहा वर्षांनी थोरली. कोडी घालणारी ती, गावं देणारा बन्सी. सगळा कन्नड तालुका त्यानं तिला कितीदा देऊन टाकला होता. फक्त देताना दरवेळी बजावायचा, "कोणतंबी घे, पिशोर सोडून."

आता कोड्यांची उत्तरं वहीत होती. शंभरपानी वही. द्वारकाबाईंच्या मोनिकानं कुठल्याशा इंग्रजी साइटवरून दारामागून दार मराठीत उतरून काढलं होतं आणि वही मामाच्या हाती दिली होती. बन्सीनं ती न उघडता बहिणीच्या पिशवीत टाकली. "तू ठेव. मी मागितल्याबिगर द्यायची नाय."

द्वारकाबाईंनी शेवटी अंधानेर घेतलं आणि खाकरून, आवाज लहान करून गाणं म्हटलं:

*गाव घेतलं, शीव घेतली, पाणी प्याले पाटाचं*
*आता सांगते, ऐक राजा, कोडं तुझ्या गाठीचं.*

मग चष्मा लावून बत्तिसावं दार वाचून दाखवलं. बन्सीनं कपाळावर हात मारला. "हात् तिच्या! आरसा फिरवायचा होता व्हय!"

द्वारकाबाई गुलमंडीत एका कापडदुकानाच्या पायरीशेजारी मशीन टाकून साड्यांना पिको-फॉल करत. नवरा गेल्यापासून लेकीसह भावाच्याच हर्सूलच्या दोन खोल्यांत राहत होत्या. भावाचं लग्न राहून गेलं ते यांच्याच पायी, असं त्या मानत. तो मानत नसे. चार वर्षांपूर्वी त्यांनी मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली. तपासणीत त्यांनाच साखर निघाली. डॉक्टर नको म्हणाले. त्या दिवशी दुकानावर येऊन त्यांनी अकरा साड्या केल्या आणि अकराही फॉल उलटे लावले. बसून सगळे उसवले.

औंदा उन्हाळ्यानं कहर केला होता. हर्सूलच्या तळ्यात भेगा पडल्या होत्या आणि तळाला पोरं क्रिकेट खेळत होती. काठाला मात्र नव्या इमारतींचे मजले चढतच होते, आणि त्यांच्या दारात टँकर उभे. डायलिसिसच्या खोलीतही टँकरचंच पाणी. एका माणसामागं शंभरावर लिटर. बन्सी म्हणायचा, "माझ्या रक्ताशेजारून पाट वाहतोय, आक्का, अन् मला चूळ भरायची चोरी."

वैशाखात त्याचं काही खरं राहिलं नाही. मशीन लावलं की तासाभरात रक्तदाब खाली जायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे. विश्वजीत धावायचा, पाय वर करायचा. डॉक्टरांनी द्वारकाबाईंना बाहेर बोलावलं. म्हणाले, हृदय थकलंय, आता मशीनच त्याला सोसेना. थांबायचं का चालू ठेवायचं, तुम्ही घरच्यांनी बोलून ठरवा.

"चालू ठेवा," त्या म्हणाल्या. विचारही केला नाही. आत येऊन पुन्हा वही मांडीवर घेऊन बसल्या. वहीचं शेवटचं पान त्यांनी पहिल्याच दिवशी वाचून ठेवलं होतं.

एकोणचाळिसावं दार बन्सीनं आपल्या आपण सोडवलं. तीन आठवडे घेतले, पण गाव दिलं नाही. त्या शनिवारी आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या माणसांनीही माना वळवून पाहिलं, इतक्या जोरात तो म्हणाला, "निघालं!" विश्वजीतनं टाळी दिली.

मग चाळिसावं दार पडद्यावर आलं आणि बन्सीनं त्याला बोटसुद्धा लावलं नाही. मोबाईल खाली ठेवला.

"आक्का, पिशोर घे."

द्वारकाबाईंच्या हातातला चष्मा हातातच राहिला. "पिशोर नाय घेत मी."

"देतोय की."

"न खेळता हार मानतात व्हय? आधी खेळ. मग बघू."

"खेळलो की," बन्सी मशीनकडं हनुवटी करून म्हणाला. "चार वरसं खेळलो."

त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली टँकर उभा होता. त्याच्या तोटीतून गळणारं पाणी एक बाई तांब्यात धरत होती. तांब्या भरेपर्यंत त्या बघत राहिल्या. "मंगळवारी बघू," त्या म्हणाल्या.

रविवार गेला. सोमवारी दुकानावर त्यांनी एका गुलबक्षी साडीला चार वेळा दोरा बदलला. कुठलाच रंग जुळेना. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, तोच तर हाय की." त्यांना दिसत नव्हता.

मंगळवारी नऊ वाजता नेहमीचा रिक्षावाला सांडू दारात येऊन हॉर्न वाजवू लागला. बन्सी खाटेवर आवरून बसला होता. धुतलेला सदरा, विंचरलेले केस. पायांशी चपला होत्या, त्यात त्यानं पाय घातले नव्हते. नुसता बहिणीकडं बघत होता, लहानपणी कोडं सुटेना झालं की बघायचा तसा.

हॉर्न पुन्हा वाजला. मोनिका दारापर्यंत गेली आणि आईकडं बघत थांबली.

द्वारकाबाई वाकल्या. भावाच्या चपला उचलून त्यांनी खाटेखाली सारल्या. मग बाहेर जाऊन म्हणाल्या, "सांडूभाऊ, आज नाय यायचं. गुरुवारीबी नका येऊ."

आत येऊन त्यांनी वही काढली. शेजारी बसल्या.

"दे," त्या म्हणाल्या.

"पिशोर दिलं."

"घेतलं."

गाणं म्हणायचंच होतं, रीत होती. *गाव घेतलं, शीव घेतली* इथवर आवाज नीट आला. पाण्यापाशी अडला. बन्सीनंच पुढची ओळ धरली, दम घेत घेत, आणि मग दोघांनी मिळून कडवं पुरं केलं.

त्यांनी मोनिकाच्या गोल अक्षरातलं शेवटचं पान वाचलं. "दार चाळिसावं. याला कुलूप नाही. ढकललं की उघडतं. इथून पुढं काही दाबायचं नाही. नुसतं बघायचं."

"कुलूपच नाय?" बन्सी हसला. खोकला आला तरी हसत राहिला. "अन् मी किल्ली हुडकत बसलो असतो, आक्का."

त्यानं बोट टेकवलं. दार उघडलं. पलीकडं नुसता समुद्र होता, आणि त्यावर सकाळ. भाऊ-बहीण डोक्याला डोकं लावून बघत राहिले. मोनिकानं वाटीत तीन घोट पाणी आणून दिलं. त्यानं विचारलं, "मोजून आणलं का?" ती म्हणाली, "नाय." मग तो सावकाश प्याला.

त्यानंतर तो नऊ दिवस होता.

दिवाळीआधी गुलमंडीत साड्यांची झुंबड उडाली. एका दुपारी नवी नवरी सासूबरोबर आली, मशीनच्या आवाजातच तिनं विचारलं, "मावशी, तुमची बोली आमच्याकडचीच वाटते. गाव कोणतं?"

द्वारकाबाईंनी मशीनवरचा पाय थांबवला. दातानं दोरा तोडला, साडीचा काठ हातानं सपाट केला.

"पिशोर," त्या म्हणाल्या. "भावानं दिलंय."