विहीणबाईंचं ‘या’

मायाताई मेश्राम रेल्वेच्या दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. रिटायर झाल्यावर समता कॉलनीतल्या घरी एकट्याच राहत. बासष्टाव्या वर्षी त्यांनी स्पॅनिश शिकायला घेतलं, ते विहीणबाईंसाठी. हिंदी शाळेत शिकलेली लेक चेतना नोकरीसाठी माद्रिदला गेली आणि तिथल्याच आल्वारोशी तिनं लग्न केलं. आल्वारोची आई पिलार दूर एका खेड्यात राहायची. दर रविवारी संध्याकाळी, तिकडची दुपारची जेवणं उरकली की, दोघी विहिणी व्हिडिओ कॉलवर बसत.

बाकीचे शब्द जमले, गाडी अडली ती ‘या’पाशी. पहिल्याच कॉलला मायाताई फोन फिरवून घर दाखवत होत्या आणि पिलार मान हलवत "या, या" करत होती. मायाताईंना वाटलं, बाई घरी बोलावून राहिली. त्यांनी हात जोडून सांगितलं, "येते न, आधी पासपोर्ट तर बनू द्या."

चेतनाला सांगितलं तर ती हसतच सुटली. "आई, वो बुला नहीं रही थी. ‘या’ मतलब, हाँ, समझ गई."

"हव. लिहून घेते."

पण पुढच्या रविवारी दार वाजलं तेव्हा पिलार "या वोय" ओरडत उठली, म्हणजे आलेच. ओव्हनमधलं काही तयार झालं तर "या एस्ता", म्हणजे झालं. नातवंडाचा विषय काढला तर "या वेरेमोस", म्हणजे बघू पुढे.

"आत्ताचं बी या, झालेलं बी या, व्हायचंय ते बी या," मायाताई लेकीला म्हणाल्या. "मग त्या लोकायले कळते कसं?"

"बस, समझ में आ जाता है."

मायाताईंना समजत नव्हतं.

पिलारच्या शेजारी आम्पारो राहायची. वय ऐंशीच्या पुढे. कॉलच्या वेळी ती सोफ्याच्या टोकाला विणत बसे आणि मायाताईंचा उच्चार चुकला की खांदे हलवत हसे. एकदा मायाताईंनी कोशाची रेशमी साडी नेसली होती. आम्पारोनं विणकाम खाली ठेवलं, जवळ आली आणि फोनच्या काचेवरूनच पदरावर बोट फिरवलं. मायाताई दुसऱ्या दिवशी गोल बाजारात गेल्या आणि तशाच पोताचा दुपट्टा घेऊन आल्या.

मग दोन रविवार कॉलच झाला नाही. पिलारचा नुसता निरोप आला, "या ते यामो," म्हणजे करीन फोन. तिसऱ्या रविवारी ती दिसली, पण सोफ्याचं टोक रिकामं होतं. मायाताईंनी दुपट्टा उलगडून धरला आणि तो आम्पारोसाठी आहे असं तिच्या भाषेत सांगितलं.

"आम्पारो या नो एस्ता," पिलार म्हणाली.

मायाताईंनी मनात जुळवलं. या म्हणजे आत्ता. नो एस्ता म्हणजे नाहीये. बाजारात वगैरे गेली असेल. "कुआंदो विएने?" त्यांनी विचारलं. कधी येते? वाक्य बिनचूक जमल्याचा त्यांना आनंद झाला.

पिलारनं नकारार्थी मान हलवली. "नो, माया. या नो."

आत्ता नाही म्हणते. बरं. "एस्पेरो," मायाताई म्हणाल्या, मी थांबते. दुपट्ट्याची घडी मांडीवर ठेवून त्या हसतमुखानं बसून राहिल्या.

पिलार स्वच्छ टेबल हातानं पुसू लागली. एकदा पुसलं, परत पुसलं. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसलेली पेशंटची माणसं असंच करत, हे मायाताईंनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यांचं हसू ओसरलं. पण विचारायचं कसं? मोबाईलवरच्या धड्यांत सफरचंद होतं, खिडकी होती, स्टेशन होतं. हे नव्हतं. मग पिलारनंच हात हलवला आणि कॉल संपला.

चेतनालाही काही ठाऊक नव्हतं. तिनं सासूला फोन करून विचारलं आणि अर्ध्या तासानं आईला लावला. "दो हफ्ते हो गए, आई. ‘या नो’ मतलब, अब नहीं रहीं."

"आणि मी तिले विचारलं, कधी येते."

"पिलार मम्मी ने बुरा नहीं माना."

"तुले कसं मालूम?"



सोमवारी मायाताईंनी आपणहून कॉल लावला. शिकून ठेवलेलं "लो सिएन्तो" म्हणाल्या, मला वाईट वाटतं.

"या," पिलार म्हणाली.

माहीत आहे, म्हणायचंय तिला? की झालं ते झालं? की पुरे आता? चेहऱ्यावरून काही अर्थ लागेना. मायाताई फोन ठेवावा की नाही या विचारात होत्या, तेवढ्यात पिलारच बोलू लागली. भरभर, न थांबता, चांगली चाळीस मिनिटं. मायाताईंना त्यातला मंगळवार कळला, जिना कळला, दवाखाना कळला. आम्पारो जिन्यावरून पडली, की जिना चढून पिलार तिला बघायला गेली, ते काही केल्या उमगलं नाही. त्यांनी मध्ये विचारलं नाही. स्वयंपाक अर्धाच सोडून गॅस बंद करून आल्या आणि पुन्हा ऐकायला फोनसमोर बसल्या.